खूर तडकले, तर आधी तोबऱ्यात पाहा

जुन्नर-खेडच्या बाजूने येणाऱ्या पत्रांत अलीकडे एकच तक्रार वारंवार वाचायला मिळते. घोडीच्या टापा तडकतात. नाल मारला की पंधरवड्यात खिळ्यांभोवतीचा भाग तुटून नाल गळून पडतो. नालबंद चाचा म्हणतात, खूरच भुसभुशीत झाला, मी खिळा तरी कुठे मारू? आणि पत्राच्या शेवटी प्रश्न ठरलेला असतो : कोणती पावडर द्यावी?

बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये कायमची वाट मोकळी करून दिली, तेव्हापासून घाटात बैलांपुढे धावणाऱ्या घोडीला पुन्हा मोल आले आहे. लग्नाच्या वरातीची घोडी आहेच. वाड्याचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणारी धनगर बांधवांची तट्टे आहेत. या सगळ्यांची कमाई चार खुरांवर उभी असते. खूर गेला की घोडी ठाणावर उभी राहते, पण खायला रोज लागतेच. तेव्हा प्रश्न साधा नाही. पावडरीचे नाव सांगून हे सदर एका ओळीत संपवता आले असते, पण त्यात तुमचा पैसा जाईल आणि खूर तसाच राहील. म्हणून जरा मुळापासून पाहू.

खूर म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ. तो वरून, केस संपतात त्या कडेपासून, खाली वाढत येतो. महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. वरच्या कडेला आज तयार झालेला खूर पुढच्या बाजूने जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागते. टाचेकडे अंतर कमी असल्याने तिथे चार-पाच महिन्यांत काम होते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आज जो तुकडा तुटून पडतो आहे तो गेल्या वर्षीच्या चंदीतून झालेला आहे. तो कोणत्याही औषधाने जुळून येत नाही. आज तुम्ही जे खाऊ घालाल ते वरच्या कडेला नव्या पट्ट्याच्या रूपाने दिसेल, आणि तेही दोन-तीन महिन्यांनी. ‘महिन्यात खूर लोखंडासारखा’ असे जो सांगतो त्याच्याकडून डबा घेऊ नये, एवढी पारख यातूनच होते.

दुसरी पारख घरच्या घरी करता येते. चारही खूर पाहा. चारी खुरांना एकच रक्त पुरवठा करते, त्यामुळे खाण्यातली उणीव असेल तर ती चारी खुरांत कमी-अधिक दिसायला हवी. एकच खूर फुटत असेल आणि बाकीचे तीन चांगले असतील, तर दोष तोबऱ्यात नाही. जुनी इजा, वाकडी तासणी, तिरका पडणारा भार, असे काही तरी आहे आणि ते नालबंदाने किंवा डॉक्टरांनी पाहायचे आहे. खूर हाताला गरम लागत असेल, घोडी पुढचे पाय लांब टाकून मागच्या पायांवर भार घेऊन उभी राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. खुरातल्या या दाहाला ते लॅमिनायटिस म्हणतात. त्याला पावडर लागू पडत नाही आणि वाट पाहणे फार महागात पडते.

आता तोबऱ्याकडे वळू. आपल्याकडे घोड्याला कडबा आणि गव्हाचा कोंडा देण्याची पद्धत जुनी आहे. कोंडा स्वस्त, हलका, घोडी आवडीने खाते. गिरणी गावातच असली तर मग विचारूच नका, दिवसाला दोन-दोन किलो कोंडा जातो. इथेच खरी मेख आहे. एक किलो कोंड्यात फॉस्फरस असते सुमारे 11 ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम. घोड्याला हवे उलटे : एक भाग फॉस्फरसला दीड ते दोन भाग कॅल्शियम. कोंड्याचा मारा सुरू राहिला की शरीर ही तूट हाडांतून भरून काढते. इंग्रजांच्या देशात गिरणीवाल्यांच्या घोड्यांचे जबडे फुगत, हाडे पोकळ होत आणि घोडे लंगडत. त्या रोगाला तिकडे गिरणीवाल्याचा रोग असेच नाव पडले होते. हाडांपर्यंत गोष्ट जायच्या आधी खुरावर परिणाम दिसू शकतो, कारण खुरातले बारीक थर एकमेकांना चिकटवणाऱ्या द्रव्याला कॅल्शियम लागते.

ही काही ऐकीव गोष्ट नाही. एडिंबरा येथे ठिसूळ खुरांचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि तो अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रकारचे दोष दिसले. एक खुराच्या बाहेरच्या थरातला, तो बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाने सुधारला. दुसरा आतल्या थरांतला. त्याने बायोटिनला दाद दिली नाही. तिथे खाण्यात कॅल्शियम आणि चांगली प्रथिने वाढवावी लागली, आणि त्यासाठी लसूणघासासारखा चारा कामी आला. कोंडा चालू ठेवून वर महागडी बायोटिनची पावडर घालणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे आहे, ते यामुळेच.

तेव्हा पहिले काम पावडरीचे नाही, चाऱ्याचे. त्यासाठी घोडीचे वजन ठाऊक हवे. वजनकाटा कुठून आणणार? शिंप्याची फीत घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि 11,877 ने भागा. घेर 155 आणि लांबी 148 आली तर वजन जवळजवळ 300 किलो भरते. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे गणित द्या, आनंदाने करतील. आपली बहुतेक देशी घोडी-तट्टे याच्या आसपास असतात, म्हणून पुढचे सारे आकडे 300 किलोचे धरले आहेत.

अशा घोडीला दिवसाकाठी वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे 6 किलो कोरडा आहार लागतो. साधारण काम असलेल्या घोडीला तीन किलो चांगले वाळलेले गवत किंवा कडबा, आठ किलो हिरवा लसूणघास आणि दीड किलो चंदी, असा मेळ बसतो. हिरव्या घासात पाणीच फार, आठ किलोत कोरडा भाग दीड-पावणेदोन किलो निघतो, हे विसरू नका. चंदीत भिजवलेला हरभरा आणि भरडलेला सातू निम्मे-निम्मे घ्यावा आणि ती दोन-तीन वेळांत विभागून द्यावी. शर्यतीचा सराव किंवा वरातींचे दिवस असतील तर चंदी थोडी वाढवा, पण वैरण कमी करू नका. घोड्याचे पोट वैरणीवर चालते, दाण्यावर नव्हे.

लसूणघास हा या सगळ्याचा कणा आहे. कॅल्शियम भरपूर, प्रथिने चांगली, आणि खुराला लागणारी द्रव्येही त्यात असतात. एका घोडीपुरता घास विहिरीच्या पाण्यावर तीन-चार गुंठ्यांत निघतो. पाणी नसेल तर भुईमुगाचा वाळलेला पाला चालतो, मात्र त्याला बुरशीचा वास नसावा. बुरशी लागलेला पाला गाईपुढे टाकू नये, घोड्यापुढे तर मुळीच नाही.

इथे एका झाडाबद्दल मुद्दाम सांगतो. घास नाही म्हणून बांधावरच्या सुबाभळीचा पाला घोडीला घालणारी घरे आहेत. शेळ्या-गाई खातात, मग घोडीने का खाऊ नये? सुबाभळीत मिमोसिन नावाचे विष असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ते मोडणारे जिवाणू असू शकतात. घोड्याला रवंथ नाही आणि तो बचावही नाही. अशा घोडीची आयाळ आणि शेपटी विरळ होते, खुरांवर वळ्या पडतात, जास्त झाले तर खूर सुटू लागतो. म्हणजे ज्या रोगावर आपण उपाय शोधतो आहोत तोच आपण विळ्याने कापून आणून घालतो! टापा आणि आयाळ दोन्ही बिघडलेली दिसली की पहिला प्रश्न सुबाभळीचा विचारावा.

हत्तीघास आणि संकरित नेपियरवरही घोडी ठेवू नये. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते घोड्याच्या अंगी लागत नाही. गाईला याचा त्रास कमी, घोड्याला जास्त. थोडा मिसळून गेला तर हरकत नाही, पण तीच मुख्य वैरण नको. कोवळे कडवळही घोड्याला नको.

गुळाचे काय करायचे, हा नाजूक विषय आहे. वरातीच्या घोडीला दारोदारी गूळ-डाळ मिळते, आणि आयाबहिणी श्रद्धेने देतात, त्यांना नाही कसे म्हणणार? पण जड अंगाच्या, मानेवर चरबीचा कणा चढलेल्या घोडीला गोड आणि दाणा जास्त झाला की खुरात दाह होतो. एक खडा तोंडाला लावा, बाकीचा पदराला बांधून घरी न्या, मुले खातील. त्याच कारणाने तोबऱ्यात उसाची मळी ओतू नये.

कोंडा पूर्ण बंद करायचा का? रोजचा बंद करा. कधीमधी मूठभर कोंड्यात औषध कालवून दिले तर बिघडत नाही. मात्र जे बदलाल ते दहा-बारा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोटशूळ उठेल आणि खुराची गोष्ट बाजूलाच राहील. रोज 25 ते 30 ग्रॅम मीठ द्या, घाम फार गाळणाऱ्या घोडीला थोडे अधिक. पाणी समोर कायम हवे.

हे सगळे महिना-दोन महिने मार्गी लागल्यावर मग पावडरीचा विचार. आपल्याकडच्या कडब्यात आणि वाळल्या गवतात जस्त आणि तांबे बहुधा कमी पडते, आणि खूर घडवायला ही दोन्ही लागतात. 300 किलोच्या घोडीची दिवसाची गरज जस्ताची सुमारे 240 मिलिग्रॅम आणि तांब्याची 60 मिलिग्रॅम. निम्मीशिम्मी चाऱ्यातून येते असे धरले, तर वरून दीडशेच्या आसपास जस्त आणि चाळीस-पन्नास तांबे देणारा डबा पुरेसा आहे. जस्त तांब्याच्या तीन ते चार पट असावे. नुसते जस्त देत राहिले तर तांबे मागे पडते.

बायोटिनबद्दल सर्वांत भरवशाची माहिती व्हिएन्नाच्या पांढऱ्या लिपिझ्झानर घोड्यांवरून मिळाली. त्यांना रोज 20 मिलिग्रॅम बायोटिन दिले गेले आणि सुमारे नऊ महिन्यांनी खुराची प्रत सुधारल्याचे दिसले. ते निष्कर्ष 1995 मध्ये छापून आले. खूर अधिक वेगाने वाढला नाही, चांगला वाढला, हा फरक लक्षात घ्या. ते घोडे मोठे. आपल्या 300 किलोच्या घोडीला 10 ते 15 मिलिग्रॅम पुरते.

आता डब्यावरची बारीक अक्षरे वाचायची. डोळ्याला दिसत नसतील तर लेकीकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 1,000 मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. डब्यावर घोड्याचे देखणे चित्र असेल, बायोटिनयुक्त असे मोठ्या अक्षरात असेल, आणि मागे लिहिलेले असेल ‘प्रत्येक चमच्यात 500 मायक्रोग्रॅम’. म्हणजे 12 मिलिग्रॅम द्यायला रोज 24 चमचे लागतील. असा डबा स्वस्त दिसतो, पण तो औषधापेक्षा चित्राचा डबा आहे. टक्क्यांचे गणितही सोपे आहे. खनिज मिश्रणावर जस्त 0.8 टक्के लिहिले असेल तर 30 ग्रॅममध्ये 240 मिलिग्रॅम जस्त गेले. दोन डब्यांची तुलना किलोच्या भावावर करू नका, दिवसाला किती बायोटिन, किती जस्त आणि किती रुपये, यावर करा.

एका वेळी एकच डबा. दोन दुकानांतून दोन घेतले आणि दोन्हीत सेलेनियम असले तर घात होतो. सेलेनियमची या घोडीची दिवसाची गरज एक मिलिग्रॅमच्याही आत आहे. ते सतत जास्त गेले तर शेपटीचे केस गळतात आणि वरच्या कडेजवळ खुराला आडव्या भेगा पडतात. लोहाचे टॉनिक चाऱ्यावर वाढणाऱ्या घोडीला बहुधा लागतच नाही, त्यावर खर्च नको. रोज 50 ते 100 ग्रॅम जवस उकळून दिले तर कातडी आणि केसांना चांगले, आणि ते घरचेच असते. आणि कृपा करून शेतीसाठी आणलेले झिंक सल्फेट चंदीत टाकू नका. ते पिकासाठी बनवलेले असते, त्यात शिसे-कॅडमियम किती आहे हे घोड्याच्या दृष्टीने कोणी पाहिलेले नसते.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातच, शेजारच्या गोठ्यात असतो. गाईचे तयार पशुखाद्य किंवा कोंबड्यांचे खाद्य उरले म्हणून घोडीच्या तोबऱ्यात जाते. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन किंवा त्याच जातीची औषधे घातलेली असतात. गाईला, कोंबडीला ती पचतात. गाईला जेवढ्याने बाधा होते त्याच्या सुमारे दशांश मात्रेने घोडा दगावू शकतो. खाणे सोडणे, घाम, मागचे पाय लटपटणे, छातीची धडधड, आणि मग कोसळणे. हृदयाचा स्नायूच मरतो. त्यावर उतारा नाही. पोत्यावर लिहिलेले नसले तरी गिरणीत आधीच्या मालाचा अंश राहू शकतो. म्हणून घोडीचे खाद्य वेगळ्या कणगीत, वेगळ्या घमेल्यात, आणि गड्याला नीट सांगून ठेवलेले असावे. जो तोबरा भरतो त्याला हे ठाऊक असणे, मालकाला ठाऊक असण्यापेक्षा जास्त गरजेचे आहे. घोडी चुकून खाद्य खाऊन गेली तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा आणि पोत्याची चिठ्ठी जपून ठेवा.

खाणे सुधारले तरी ठाण ओले असेल तर खूर टिकत नाही. मुतारीत उभी घोडी आणि मग दिवसभर रखरखीत उन्हात, या भिजण्या-सुकण्यानेच खूर तडकतो. रोज लीद काढा, खाली कोरडा पाचोळा किंवा भुसा टाका, संध्याकाळी खुरणीने तळवे साफ करा. तेल लावल्याने वरून चमक येते, आतून खूर घडत नाही. जळके इंजिन ऑइल तर लावूच नये. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा, नाल शाबूत असला तरी. खूर लांब वाढू दिला की चिरा आपोआप वर चढतात.

आणि हिशेब ठेवा. नवीन चंदी सुरू कराल त्या दिवशी चाचांकडून कानशीने खुरावर, केसांच्या कडेच्या लगेच खाली, अगदी हलकी रेघ मारून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर तारीख लिहा. दर महिन्याला कड ते रेघ हे अंतर फूटपट्टीने मोजा. रेघेच्या वरचा खूर गुळगुळीत, घट्ट आणि खालच्यापेक्षा वेगळा दिसू लागला, तर तुमचे पैसे कामी आले. सहा महिन्यांनीही वरचा आणि खालचा भाग सारखाच दिसला, तर ती पावडर बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडी दाखवा. बायोटिनने फरक पडलेल्या घोड्यांत ते थांबवल्यावर खूर पुन्हा उतरणीला लागल्याचे आढळले आहे, म्हणून सुरुवातीलाच वर्षाचा खर्च काढून मग हात घाला. तेवढी ऐपत नसेल तर घास, मीठ, कोंडाबंदी आणि कोरडे ठाण एवढ्यावरही बऱ्याच घोड्यांचे खूर सावरतात.

फाल्गुनात रेघ मारली तर ती पौषाच्या सुमारास जमिनीला टेकेल. यात्रांचे घाट त्याच वेळी सुरू होतात, तेव्हा घोडीला नव्या खुरावर नाल मारता येईल.